हुंगीच्या मांजरांची सुगंधी माती

मुलगी एकटी राहते, वेळेवर जेवत नाही, कडी नीट लावत नाही, या काळज्या आईने केव्हाच अंगवळणी पाडून घेतल्या होत्या. पण गेल्या काही रविवारांपासून एक नवीच काळजी तिच्या मानगुटीवर बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. हुंगी हल्ली विचारायला लागली होती. आईने चपला काढायच्या आत दारातच विचारायची, "आई, घरात वास येतोय का गं?"

हुंगीने हे विचारायचं म्हणजे पोस्टमनने स्वतःच्या घराचा पत्ता विचारण्यापैकी होतं.

तिचं हे नावच मुळी नाकावरून पडलेलं. रांगती होती तेव्हापासून हातात आलेली प्रत्येक वस्तू ती आधी हुंगायची आणि मग तोंडात घालायची. दूध नासायच्या आदल्या दिवशीच सांगायची, हे उद्या नासणार. बाबांची सिगारेट सुटली ती डॉक्टरांच्या धाकाने नव्हे, तर दारात उभ्या राहणाऱ्या या चिमुरडीच्या नाकामुळे. पुढे कॉलेज अर्धवट सोडून तिने एका लाँड्रीत नोकरी धरली तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. पण तिथेही नाकानेच तिला हात दिला. डाग कशाचा आहे ते कळलं तर तो कशाने काढायचा ते ठरतं, आणि गिऱ्हाईक त्याबाबतीत हमखास थापा मारतं. हुंगी कापड नाकाशी नेऊन सांगायची, ही शाई नाही, बुटाचं पॉलिश आहे. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी तिला मागच्या खोलीत स्वतंत्र टेबल दिलं. त्याच खोलीत पाण्याऐवजी औषधात कपडे धुणारं मोठं मशीन होतं. औषध कुठे पाझरलं तर डोकं गरगरतं, माणूस आडवाही होतो. म्हणून सकाळी मशीन सुरू करण्याआधी तिथल्या मुली हाक मारायच्या, "हुंगीताई, वास येतोय का?" ती नाही म्हणाली की बटण दाबायच्या. ही गोष्ट आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली होती.

तर अशा या मुलीच्या घरात रविवारी पाऊल टाकलं की आईला शिंक यायची. कारण मांजरांचं लिटर, म्हणजे त्यांच्या शी-शूच्या ट्रेमधली माती.

मांजरं दोन. एक पोतं, म्हणजे लठ्ठ, म्हातारा बोका, जो बसला की खरोखर कोणीतरी धान्याचं पोतं ठेवून गेल्यासारखा दिसे. दुसरी चिमटी, नावाप्रमाणेच चिमूटभर आणि बोचरी. वर्षानुवर्षं त्यांच्या ट्रेमध्ये साधी, करडी, बारीक माती असायची. ओली झाली की तिचा गोळा व्हायचा, हुंगी तो जाळीच्या फावड्याने उचलून टाकायची आणि विषय संपायचा. त्या विषयावर घरात कधी चर्चा झाल्याचं आईला आठवत नव्हतं.

मग हिवाळ्यात हुंगी थंडीतापाने आठवडाभर अंथरुणात होती, आणि उठली ती जणू लिटरचं खूळ डोक्यात घेऊनच.

आधी आले काचेसारखे पांढरे खडे. ते म्हणे वास पिऊन टाकतात. पोतं त्यावर एकेक पाय असा टाकायचं, जसं कोणी उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतंय, आणि मग अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं. मग आल्या लाकडी भुशाच्या गोळ्या. त्या चिमटीला खेळायला फार आवडल्या. कोचाखाली, उशीत, रविवारी आलेल्या बाबांच्या बुटात, सगळीकडे गोळ्या. बाबा एकदा पाय घसरून पडता पडता वाचले आणि म्हणाले, "अगं, लिटर मांजरांसाठी आणलंयस की माझ्यासाठी?" शेवटी आली लव्हेंडरची सुगंधी माती. ती हुंगीने टिकवली. वर तिच्यात कसलीशी सुगंधी पावडर मिसळली, आणि ट्रे नेऊन ठेवला बाथरूममध्ये, कपडे धुवायच्या मशीनला चिकटून.

आईच्या मते त्या घरात आता असा वास यायचा, जसं अत्तराच्या दुकानात कोणी मांजर विसरून गेलंय.

"जुन्या मातीचं काय बिघडलं होतं?" आईने विचारलं.

"वास येत असेल."

"असेल म्हणजे? येत होता की नव्हता?"

"लोकांना येत असेल," हुंगी म्हणाली आणि आणखी एक मूठ पावडर टाकली.

आई घरी येऊन बाबांपाशी तणतणली. लहानपणी नाकाने कांदे सोलणारी ही पोरगी, आणि आता लोकांना काय वाटेल म्हणून घराचं अत्तर करून ठेवलंय. तिच्या मते हुंगीचं कोणाशी तरी जमत असावं आणि त्या कोणाला तरी मांजरं आवडत नसावीत. बाबांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं, की असं असेल तर तिने मांजरं ठेवावीत आणि त्याला बाहेर काढावं.

आई एका चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर तपासायला येणाऱ्यांना खुर्चीवर बसवायचं, अक्षरं वाचायला लावायची, काचा बसल्या की कानामागच्या काड्या वाकवून द्यायच्या. एका दुपारी तिथे चक्क लाँड्रीच्या मालकीणबाईच काडी ढिली झाली म्हणून आल्या. आईने त्यांना बसवलं, स्क्रू पिळता पिळता मुलीची चौकशी केली, आणि ऐकलं ते ऐकून स्क्रू हातातून निसटला.

गाणं शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा लोकरी कोट. कॉलरवरचा डाग चिवट होता म्हणून हुंगी तो शनिवारी घरी घेऊन गेली, सोमवारी घडी करून परत आणला. डाग गेला होता. गृहस्थ कोट घालून बंद गाडीत बसले, आणि अर्ध्या रस्त्यातून माघारी आले. कोटावर मांजर मुतलेलं होतं.

"बाई, घडी घालताना नाकाखालीच असणार ना तो?" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि तेही हिच्या नाकाखाली. सध्या लक्ष कुठे असतं हिचं?"

आईने त्यांची माफी मागितली, काडी घट्ट केली, वरून डबीही फुकट दिली, आणि संध्याकाळी तडक हुंगीचं घर गाठलं. काय बोलायचं ते तिने वाटेत तयार करून ठेवलं होतं. पण दार उघडलं तर पोतं ट्रेच्या शेजारी, पायपुसण्यावर ओलं करून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसलेलं. आईचा सगळा राग बोक्याकडे वळला. हे जनावर आजारी आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल, असं म्हणून तिने त्याला पिशवीत कोंबलं. हुंगी मागून आली.

मांजरांची डॉक्टर तरुण होती आणि तिला दिवसभरात बरेच जण चावले असावेत. तिने पोत्याचं पोट दाबून पाहिलं, सगळं तपासलं आणि सांगितलं, की बोका ठणठणीत आहे, फक्त वजन कमी करा. मग विचारलं, की ट्रेमध्ये काय घालता? हुंगीने सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"लव्हेंडर कोणासाठी आणलं? याला विचारलं होतं? मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. याला तो ट्रे म्हणजे अत्तराच्या पिंपात बसवल्यासारखं आहे."

मग तिने एकेक गोष्ट सांगितली. बिनवासाची, बारीक, गोळा होणारी माती आणा, चार बोटं जाड पसरा. मांजरं दोन असतील तर ट्रे तीन हवेत. मशीनच्या धडधडाटाशेजारी तर मुळीच नको, तुम्हाला तरी बसवेल का तिथे?

"पण मग घरात वास..." हुंगी म्हणाली.

"वास आला की काढून टाकायचं. त्यात काय अवघड आहे? तुमच्या नाकाला कळतंच की."

हुंगी पिशवी उचलून बाहेर गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईने तिला गाठलं आणि इतका वेळ साठवलेलं सगळं बाहेर काढलं. कोट, पायपुसणं, पावडर, अर्धवट कॉलेज, सगळं. हुंगी पिशवीच्या जाळीतून बोक्याचा कान कुरवाळत ऐकत राहिली. आई दम घ्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "मला वास येत नाही, आई."

"कसला?"

"कसलाच. त्या तापापासून. साबणाचा नाही, करपल्याचा नाही. मागच्या रविवारी तुझी शाल तू माझ्याकडेच विसरली होतीस, ती तोंडावर घेऊन झोपले. तुझाही नाही आला."

आई तिथेच पायरीवर बसली. आता तिच्या लक्षात एकेक येऊ लागलं. पोरीला स्वतःच्या घराचा भरवसा राहिला नव्हता. आपल्याला कळत नाही म्हणजे सगळ्यांना कळत असणार, या धसक्याने ती वासावर वास ओतत सुटली होती. आणि आपण जावई शोधत बसलो.

"सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या दुकानात कोण कबूल करतं पहिल्या दिवशी, की मला दिसत नाही म्हणून? सगळे म्हणतात दिवाच कमी आहे."

आईने बोक्याची पिशवी तिच्या हातातून घेतली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की वास परत येईल, किंवा येणार नाही, वाट पाहायची. आईला असली उत्तरं सहन होत नाहीत. निदान लिटरचं तरी नीट उत्तर असतं, म्हणून ती त्याच्या मागे लागली. दुकानदार प्रत्येक पिशवी दाखवून हिला फार छान सुगंध आहे म्हणत होता, आणि ती प्रत्येक वेळी नको म्हणत होती. शेवटी वैतागून तो म्हणाला, "मग काय बाई, नुसती माती हवी का?" आई म्हणाली, "हो, नुसती माती."

तीन ट्रे, तीन कोपऱ्यांत. वासावर भिस्त ठेवायचीच नाही, सकाळी दात घासायच्या आधी आणि रात्री दिवा घालवायच्या आधी गोळे डोळ्यांनी बघून उचलायचे, असं ठरलं. पोत्याने पहिल्याच दिवशी नव्या मातीत तिन्ही ट्रे खणून पाहिले आणि ते एकात इतक्या समाधानाने बसलं, की हुंगी कितीतरी दिवसांनी हसली. आईला वाटलं, चला, सुटलो.

एकच उरलं होतं. मालकीणबाईंना सांगायचं. हुंगी म्हणायची, "सांगते ना." लग्नसराईची गर्दी ओसरू दे, मग सांगते. कोटाचं प्रकरण थंड होऊ दे, मग सांगते. सांगितलं तर टेबल जाईल, आणि टेबल गेलं की मग मी कोण, असं एकदा तोंडातून निघून गेलं तिच्या. तेवढ्यासाठी आई गप्प बसली. आपल्या स्वभावाला न शोभेल इतकी गप्प बसली.

काल, रविवारी, आईने दार उघडलं तर दोन्ही मांजरं खिडकीच्या चौकटीत, फटीला नाक लावून, एकमेकांना चिकटून बसलेली. एरवी दोघांचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. पुढच्या श्वासाला आईला गॅसचा वास आला. खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्याने शेगडी विझली होती आणि बटण तसंच सुरू होतं. हुंगी तिथून दोन हातांच्या अंतरावर टेबलाशी बसून कोणाच्या तरी शर्टाच्या बाहीवरचा डाग चोळत होती.

आईने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाकडे जाणारा हुंगीचा हात धरून तिला बाहेर जिन्यात आणलं. चिमटी आईच्या दंडात नखं रोवून लटकली होती, पण ते ओरखडे तिला घरी जाईपर्यंत कळले नाहीत. जिन्यात बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक भलताच प्रश्न आला, आणि तो विचारायची तिला भीती वाटली.

"लाँड्रीत अजून विचारतात का गं तुला? मशीन लावायच्या आधी?"

"विचारतात."

"मग?"

हुंगीने शर्ट अजून हातात धरला होता. "नाही म्हणते," ती म्हणाली. "खोटं नाही ना ते. मला येत नाहीच."

उद्या तू सांग, नाहीतर मी सांगते, असं आई म्हणाली. हुंगी चिडून म्हणाली, की माझ्या कामात नाक खुपसू नकोस. बोलण्याचा शेवट असा झाला की दोघीही रडल्या आणि मांजरं तिसऱ्या मजल्यावर पळाली.

आज सकाळी आई चष्म्याच्या दुकानात लवकर आली. शटर अर्धं वर केलं, काउंटर पुसला, आणि हुंगीला मेसेज करून विचारलं, आज सांगतेयस ना? उत्तर म्हणून ट्रेमध्ये बसलेल्या पोत्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "आज फार गर्दी असणार. उद्या नक्की."

आईने तो फोटो पाहिला. माती छान बारीक, चार बोटं जाड, स्वच्छ. पोरीने सगळं ऐकलं होतं, फक्त हे सोडून. लाँड्री आता उघडत असेल. मागच्या खोलीत मुली एप्रन बांधत असतील, आणि त्यांच्यातली एक हुंगीच्या टेबलाकडे मान वळवून तोच प्रश्न विचारणार असेल.

काल रात्री बाबा म्हणाले होते, की तू बोललीस तर पोरगी वर्षभर तोंड दाखवणार नाही. न दाखवू दे. रागवायला धड उभी तर राहील, आणि त्या मुलीही.

चष्म्याची काडी दुरुस्त केली त्या दिवशी मालकीणबाईंनी आपला फोन नंबर लिहून दिला होता. आईने आपला चष्मा नाकावर नीट बसवला, फोन जवळ ओढला आणि तो नंबर लावला.