गिरणीतला वेढा

"किल्लामा दानापानी शे का?"

दळणाचा डबा खाली ठेवायच्या आत अक्का भुवयांवरचं पीठ मनगटानं पुसत हे विचारायच्या. तुम्हाला वाटेल, आमची विचारपूस. छे! प्रश्न पोत्यांवर बसलेल्या त्यांच्या लेकीला असायचा.

मेहरूणमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांची पिठाची गिरणी. वीज गेली की मायलेकी गव्हाच्या पोत्यावर पट मांडायच्या. रामशेजच्या वेढ्याचा खेळ. मामानं भाचीच्या वाढदिवसाला आणलेला. सोंगट्या केव्हाच हरवल्या. हरभरे म्हणजे घोडदळ, तुरीचे दाणे पायदळ आणि ज्वारी म्हणजे रसद. दर खेपेला दोन्हीकडच्या फौजांनी एकेक दाणा खायचा. ज्याची ज्वारी संपली तो हरला.

लेक किल्लेदार, अक्का कायम मोगल. आणि मोगल कसा, तर निर्दयी! "बठ्ठा उपाशी शेतस तुना! चाल, किल्ला दे!" असं त्या ओरडल्या की रस्त्यावरचे लोक भांडण समजून थबकायचे.

पोर रडवेली झाली की मी मध्ये पडायचो. "अक्का, एखादा डाव सोडा की. लहान आहे."

"नाना, मुद्दाम सोडेल डाव तिले कळत नही का?"

पोर हरत राहिली, पण खेळायची थांबली नाही. एका दुपारी वीज गेली आणि तिनं भलतंच केलं. किल्ल्यात उरलेले हरभरे मागच्या दरवाजानं काढले आणि थेट घाटवाटेवर नेऊन ठेवले. मोगलांचं धान्य तिथूनच यायचं. अक्का हसल्या. पुढच्या खेपेला जरा कमी हसल्या. बघता बघता त्यांच्या पुढ्यात एकच दाणा उरला. मग तोही नाही.

"माय, तुनी फौज आते काय खाई?"

अक्का उठल्या, दारात गेल्या आणि दळणासाठी खोळंबलेल्या रांगेला ओरडून म्हणाल्या, "आयका हो! मोगल हारना!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वा अक्का, लेकीसाठी मुद्दाम हरलात!" रांग कौतुकानं हसली. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

अक्कांनी पुन्हा पट मांडला. "बसा नाना. आते तुम्ही मोगल."

बसलो. मागवलेला चहा यायच्या आत माझी फौज उपाशी मेली. पोर पोत्यांवर नाचायला लागली, अक्कांनी अशा टाळ्या पिटल्या की गिरणीभर पिठाचा धुरळा उडाला. मी मात्र बाहेर येऊन मिशीत हसत रांगेला म्हणालो, "पोरांसाठी हरावं लागतं हो."

"नाना खोटं बोली राह्यनात!" पोर मागून ओरडली. लोक आणखीच हसले.

गल्ली अजून तेच सांगते, अगदी कौतुकानं. अक्का आता धुळ्याला लेकीकडे राहतात. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय. मी ऐंशी ओलांडली, तेव्हा सांगून टाकतो. मुद्दाम कुणीच हरलं नव्हतं. अक्का नाही आणि मी तर नाहीच. पोर दोन्ही वेळा जिंकली होती.