हिरव्या ओळी

“सर, एक साधाच प्रश्न हाय.”

हे म्हणायच्या आधी मामा पेनाला टोपण लावत, पेन खिशाला अडकवत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवत. हातात पेन धरून प्रश्न विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटे की काय, कोण जाणे. उत्तर मिळालं की पुन्हा पेन काढून दोनशे पानी वहीत सगळं उतरवून घेत. तुमच्याही वर्गात किंवा ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्यानं तोंड उघडलं की बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याकडेही हसायचे. मी तर पगारी मास्तर होतो, त्यामुळे पहिलं हसू माझंच असायचं.

शिरूरला एका मेडिकलच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आठ मशीन, त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणं, आणि मालक आले तरच चालू होणारा एसी. चपला बाहेर काढायच्या असा नियम होता. कॉलेजच्या पोरापोरींच्या चपलांत लोखंडी टोकाच्या सेफ्टी बुटांचा एक जोड दिसला, की मामा आलेत हे समजायचं.

मामा निमोण्याचे. वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, पुढे शेती आली, आणि शेतीवर भागेना म्हणून हे रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागले. तीनला पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसने थेट शिरूरला येत, अंगावर गणवेश तसाच. वय पस्तिशीच्या पुढे. मी तेवीस वर्षांचा, दौंडहून रोज एसटीने येजा करणारा. तरी ते मला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. सगळी बॅच त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावरच्या दोन खोक्यांत दोन आकडे टाकून बेरीज करायचा प्रोग्रॅम केला आणि मला हाक मारली. “सर, साधाच प्रश्न हाय. दोन आन् दोन मिळवले तर बावीस येतंय.” वर्गात हसू फुटलं. मी सांगितलं की खोक्यात लिहिलेलं मशीनला अक्षर वाटतं, म्हणून ते नुसतं शेजारी शेजारी चिकटवतं. आकडा आहे हे आपण आधी सांगावं लागतं. त्यांनी मान हलवली. “म्हंजी दिसतंय आकडा, पण कुणीतरी सांगितल्याबिगर त्याला आकडा म्हणत न्हाईत. आमच्या कंपनीत बी तसंच हाय.” तेव्हा मला हा विनोद वाटला होता.

एकदा त्यांनी कधीच न संपणारं, तेच तेच पुन्हा करत राहणारं लूप लिहिलं आणि मशीन अडकलं. मी दुसऱ्या बॅचमध्ये होतो. परत आलो तर हे चाळीस मिनिटं हाताची घडी घालून पडद्यासमोर बसलेले. मी म्हटलं, हाक का नाही मारलीत? तर म्हणाले, “इचार करत असंल म्हटलं. मधी कशाला बोलायचं.” कुणाच्याही कामात मध्ये बोलायचं नाही, अशी त्यांची रीतच होती. ती त्यांना पुढे महागात पडली.

फॉर्म बंद केला की आत भरलेलं कुठं जातं, हा त्यांचा आवडता प्रश्न होता. “जातं, संपलं,” मी म्हणायचो. “व्हय, पण कुठं?” ते म्हणायचे. मला उत्तर नीट देता येत नव्हतं आणि ते मला चिडवतायत असं वाटून मी चिडायचो. खरं तर त्यांना चिडवता यायचंच नाही.

आणखी एक प्रश्न नीट लक्षात ठेवा, कारण मला तो विसरता आलेला नाही. व्हीबीमध्ये, म्हणजे व्हिज्युअल बेसिक या आम्ही शिकवायचो त्या प्रोग्रॅमच्या भाषेत, कोड लिहिताना ओळीच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकलं की ती ओळ हिरवी होते. तिथे आपण आपल्या भाषेत टीप लिहायची, अमुक भाग कशासाठी आहे वगैरे. मामांनी पेन खिशाला अडकवलं. “सर, हे हिरवं मशीन वाचतं का?”

“नाही.”

“मंग कुणासाठी?”

“माणसांसाठी. पुढे कुणी तो कोड उघडला तर त्याला कळावं म्हणून. काढून टाकलं तरी प्रोग्रॅम चालतो. काही बिघडत नाही.”

त्यांना ही सोय फार पसंत पडली. त्या दिवसापासून मामांच्या कोडमध्ये कामाच्या ओळी कमी आणि हिरव्या जास्त. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि लिहायचे म्हणजे अगदी पत्र लिहिल्यासारखं. मी एकदा म्हणालो, एवढं कोण वाचणार? ते म्हणाले, “कोन तरी उघडंलच की.”

कंपनीत मामांचं काम होतं बसची यादी करायचं. कोणता कामगार कोणत्या पाळीला, कोणत्या गावाहून, कोणत्या बसमध्ये, हे दर आठवड्याला हाताने लिहायचं. पाळ्या फिरल्या की यादी फिरते. एखादं नाव चुकलं, तर तो माणूस पहाटे थांब्यावर उभा राहतो आणि बस त्याला न घेता निघून जाते. त्याचा त्या दिवसाचा खाडा. मामांना चारशे माणसांचे थांबे तोंडपाठ होते. तेच सगळं त्यांनी व्हीबीमध्ये बसवायला घेतलं. सात महिने लागले. वर्गातली पोरं दोन कोर्स संपवून गेली, हे त्याच मशीनवर. खरं सांगतो, प्रोग्रॅम दिसायला ओबडधोबड होता, बटणं वेडीवाकडी होती, पण तो चालत होता. पाळी बदलली की यादी आपोआप बदलून छापली जायची. माझ्या हाताखालून गेलेल्या कुणी त्याच्या आधी खऱ्या उपयोगाचं काही केलं नव्हतं. मीही नाही.

कंपनीच्या पर्सोनेल साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, हे चाललं तर परमनंटसाठी तुमच्या नावाची शिफारस करतो. ठेका त्या महिन्याच्या शेवटी संपत होता. मामांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज इतका खाली आणला, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

कंपनीत प्रोग्रॅम दाखवायच्या आदल्या दिवशी ते घाईघाईने आले. स्टीलच्या डब्यातून फ्लॉपी काढली. धूळ लागू नये म्हणून ती ते जेवणाच्या डब्यात ठेवत.

“सर, साधाच प्रश्न हाय. हितं चालतंय, कंपनीच्या मशीनवर न्हाई चालत. फाईल कुठलीशी न्हाई म्हणतंय.”

ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना हा प्रश्न रोजचा आहे. आपल्या मशीनवर चालतं, दुसऱ्याच्या नाही. कारण प्रोग्रॅमला लागणाऱ्या बारीकसारीक फायली दुसरीकडे नसतात. त्या सगळ्या बांधून एक सेटअप करून द्यावा लागतो. अर्ध्या तासाचं काम. पण माझी साडेपाचची दौंड गाडी होती, आणि ती चुकली की पुढची सात वाजता. मी पिशवी खांद्याला लावत विचारलं, “तिथल्या कॉम्प्युटरवाल्या साहेबांच्या मशीनवर व्हीबी आहे ना?”

“हाय.”

“मग सगळं फोल्डरच टाका तिथे. त्यातून चालेल.”

“सगळं द्यायचं? का नुसतं शेवटचं?”

“सगळं द्या हो मामा. काय फरक पडतो.”

फरक काय पडतो तो सांगतो. शेवटची फाईल म्हणजे शिवून झालेला सदरा. समोरचा तो घालू शकतो, पण उसवून बघू शकत नाही. फोल्डर म्हणजे कापड, मापं आणि कात्री. कुणीही बसावं आणि कॉलरवर आपलं नाव घालावं. हे मला माहीत होतं. ते शिकवण्याचे मला पैसे मिळत होते. मामांनी ते वहीत लिहून घेतलं, ‘सगळं देणे’, आणि त्याखाली रेघ मारली. मी गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली होती, तेही आठवतं.

दोन दिवसांनी आले. बूट बाहेर काढले, मशीनवर बसले नाहीत, माझ्या टेबलाशी उभे राहिले. पेन खिशातच होतं.

“सर, एक साधाच प्रश्न हाय. दुसऱ्या मशीनवर गेलं, की नाव आपोआप बदलतं का?”

“कसलं नाव?”

“प्रोग्रॅम उघडला की खाली येतंय ना, बनवणाऱ्याचं. काल मोठ्या साहेबांसमोर उघडला. माझ्या नावाच्या जागी कॉम्प्युटरवाल्या साहेबांचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मशीन त्यांचं हाय म्हणून त्येंचं नाव घेतलं असंल.”

इतके महिने मी या माणसाच्या प्रश्नांना हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. मी म्हटलं, “आपोआप बदलत नाही, मामा. कुणीतरी बदलावं लागतं.”

ते म्हणाले, “आसं व्हय.” दोन आणि दोन बावीस का, हे कळल्यावर मान हलवली होती, तशीच हलवली.

“तुम्ही बोलला नाहीत तिथे?”

“साहेब लोक बोलत होते. मधी कसं बोलायचं?” मग पुढे म्हणाले, “पर्सोनेलच्या साहेबांना नंतर गाठलं. ते म्हणले, तुझ्या मास्तरला मंगळवारी घिऊन ये. त्यांनी सांगितलं, की हे तूच केलंय, तर बघू. सर, तुम्ही याल का? एवढंच सांगायचं, हे मी तुमच्यासमोर केलंय.”

यापेक्षा साधा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “येतो.”

मग क्लासच्या मालकांना सांगितलं. मालक वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, की कंपनीच्या स्टाफच्या दोन बॅच पुढच्या महिन्यात आपल्याकडे येणार आहेत, आणि त्या पाठवणारे तेच कॉम्प्युटरवाले साहेब आहेत. “आपल्याला त्यांच्या आतल्या भानगडीत पडायचं कारण नाही. तुम्हीच ठरवा. त्या बॅच तुमच्याकडेच द्यायच्या म्हणतोय मी.” मला त्यांनी नको म्हणून सांगितलं नाही. ठरवलं मीच. मंगळवारी मी अंग दुखतंय म्हणून दौंडला घरी राहिलो. अंग दुखत नव्हतं.

त्यानंतर ते बूट आमच्या दारात दिसले नाहीत. महिना संपला, ठेका संपला. त्यांच्या जागी दुसरा माणूस घ्यायची कंपनीला गरज पडली नाही, कारण यादी आता मशीनच करत होतं. हे मला कंपनीच्या बॅचमधल्या एकाने मधल्या सुट्टीत सांगितलं, बाकरवडी खात. चांगला प्रोग्रॅम आहे म्हणाला.

वर्षभराने शिरूरच्या स्टँडवर भेटले. कुरकुंभच्या एका कारखान्यात पोती उचलायचं काम धरलं होतं. मी नजर चुकवायच्या आत त्यांनीच हाक मारली. “बरं हाय का, सर?” मी काहीतरी पुटपुटलो, त्या मंगळवारी जरा तब्येत, वगैरे. ते शांतपणे म्हणाले, “मी गेटवर होतो पाचपर्यंत. म्हटलं गाडी चुकली असंल. पण त्या दिवशी शिरूरची एकबी गाडी चुकली नव्हती, सर. मी समद्या बघितल्या.” आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. माझी गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, “सर, एक साधाच...” आणि थांबले. “न्हाई. जाऊ द्या. चढा तुम्ही.” ते काय विचारणार होते, हे मी आजही शोधतो. बहुतेक मला ते माहीत आहे.

पुढे मी दौंडला स्वतःचा क्लास काढला. आता वेबसाइटी शिकवतो. पोरं विचारतात, सर, माझ्या मशीनवर फोटो दिसतो, मित्राच्या मशीनवर का नाही? पान रिफ्रेश केलं की फॉर्ममध्ये भरलेलं कुठं जातं? मी न हसता सांगतो, फळ्यावर काढून सांगतो. आणि कुणाला काय द्यायचं, फोल्डर की शेवटची फाईल, हे तर कुणी विचारायच्या आत पहिल्याच दिवशी सांगतो. सर फार समजूतदार आहेत, असं पालक म्हणतात. त्यांचं मत खोडून काढायला मी कधी गेलो नाही.

मग एक दिवस त्याच कंपनीचा फोन आला. बसची यादी आता ब्राउझरमध्ये दिसेल अशी करून हवी होती. मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो. कॉम्प्युटरवाले साहेब आता मोठ्या केबिनमध्ये होते. त्यांनी शिपायाकडून मशीन लावून घेतलं आणि म्हणाले, “सगळं फोल्डरच आहे यात. बघा, काय उपयोगाचं आहे.”

मी उघडलं. बनवणाऱ्याचं नाव तेवढं बदललेलं होतं. आतलं साहेबांनी इतक्या वर्षांत वाचलंही नव्हतं. पानंच्या पानं हिरवी. ‘निमोण्याची माणसं मारुतीच्या देवळापाशी थांबतात, पाटीपाशी नाही.’ ‘हा इसम पायाने अधू आहे, याला पुढची जागा.’ ‘सरांना विचारणे, सुट्टीवरच्याचं नाव ठेवायचं का काढायचं.’ आणि त्याखाली, ‘सरांनी सांगितलं, ठेवायचं. हे डोकं सरांचं. चुकलं असेल तर माझं चुकलं.’

मामांनी त्या हिरव्या ओळींत स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. माझं, ‘सर’ म्हणून, अकरा ठिकाणी होतं.

साहेब माझ्या खांद्यावरून वाकले. “हे हिरवं काय आहे मध्येमध्ये? हे लागतं का?”

तेव्हा बोलता आलं असतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, दार बंद होतं, आणि मला विचारलं गेलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “काढून टाकलं तरी चालतं.”

मी वरून खालपर्यंत सगळ्या हिरव्या ओळी काढल्या. मग प्रोग्रॅम चालवून बघितला. काही बिघडलं नव्हतं.