पडद्यामागचे भाऊ अस्वले

भाऊ अस्वल्यांच्या भुवया त्यांच्या आधी बोलायच्या. डावी वर गेली की समजावं, आता अस्वल बोलणार. दोन्ही वर गेल्या की कोंबडी. अस्वलासाठी ते हनुवटी गळ्यात रुतवत, गाल फुगवत आणि खालचा ओठ असा लोंबता सोडत, की यांना कुणीतरी भरल्या ताटावरून उठवलंय असं वाटावं. एवढी मेहनत करणारा हा चेहरा प्रेक्षकांपैकी कुणीही कधी पाहिला नाही. कारण भाऊ कायम पडद्यामागं.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. ते पोस्टमनसुद्धा विसरला होता, तर मी कशाला लक्षात ठेवू? अमरावतीच्या एका नाटक कंपनीत ते विनोदी कामं करत. कंपनी बुडाली आणि अचलपूरला तंबू लावून बसलेल्या एका सिनेमावाल्यानं त्यांना उचललं. त्याच्याकडं परदेशी कार्टूनची काही रिळं होती. मुख्य सिनेमाआधी तो ती दाखवी. एक जाडं अस्वल, एक चलाख कोंबडी. दोघं इंग्रजीत भांडत आणि पब्लिक शेंगा घ्यायला बाहेर निघून जाई. शेवटी मालकानं रिळाचा आवाज बंद केला, पडद्यामागं माईक ठेवला आणि भाऊंना म्हणाला, "बोला काईबी."

भाऊ काहीबाही बोलले नाहीत. अस्वलाला त्यांनी वलगावचा पाटील केलं आणि कोंबडीला पाटलीण. अस्वल कडा संपल्यावरही हवेतून चालत राही, आणि खाली पाहिलं की मगच कोसळे. पडता पडता ओरडे, "काऊन वं, आत्ता तं अठी रस्ता होता!" वरून कोंबडी म्हणे, "होताच. तुमाले खाली पाहाले कोनं सांगतलं?" तंबूचे बांबू हलत.

अकोल्याला तंबू लागला की मी पहिल्या रांगेत. तेव्हा मी शाळेत इतिहास शिकवत होतो. माझ्या शिकवण्यानं कुणी जागं झाल्याचं आठवत नाही, पण माझ्या हसण्यानं गल्ली उठत असे. माझं हसू म्हणजे तेल न घातलेला रहाट. आधी कुरकुर, मग घरघर, शेवटी धबाबा. पडद्यामागून भाऊंना प्रेक्षक दिसत नसत, हा रहाट तेवढा ऐकू येई. तो चालू असेतो थांबायचं, तो थांबला की पुढचं वाक्य टाकायचं, असा त्यांनी हिशेब बसवला होता. एकदा तापामुळं माझा खेळ चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात. "मास्तर, काल तुमी काऊन नाई आले? माहं अस्वल आंधळं झालं ना बाप्पा!" तेव्हापासून मला फुकट पास सुरू झाला. माझ्या दुसऱ्या कुठल्याही गुणाची अशी कदर आजवर झालेली नाही.

एक गोष्ट मात्र भाऊंना आतून खात होती. तंबू उठला की ते मला रिकाम्या मैदानात न्यायचे. "पाहा मास्तर. तंबू उठला का त्याच्यासंगं माहा आवाजबी उठते. मांगं काय राह्यते? खुंट्याचे भोकं. एकडाव आवाज रिळावर चिकटला पाह्यजे. मंग मेलो तरी चालते."

ती संधी तंबूतच चालून आली. चहाच्या जाहिरातीसाठी कार्टून काढणारे मुंबईचे एक गृहस्थ खेळाला येऊन बसले होते. "असंच अस्वल आम्ही काढतो. आवाज तुमचा," ते म्हणाले. भाऊंनी मुंबईची तिकिटं काढली, ती दोन. "मास्तर, रहाट संगं पाह्यजे."

आवाज घ्यायची ती खोली चारही बाजूंनी गाद्या ठोकल्यासारखी होती. भाऊ माईकसमोर उभे राहिले आणि भिंतीकडं बघू लागले.

"पडदा कुठी हाय?"

"पडदा कशाला?"

"अस्वल पाहाले."

"अस्वल अजून काढलंच नाही. आधी तुमचा आवाज, मग त्यावर चित्र. हे असंच असतं."

भाऊंनी आयुष्यभर हलत्या तोंडात शब्द घातले होते. इथं तोंडच नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, कागदावरचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग मुलासारखं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, कोनाच्या तोंडातून बोलू?"

इथं माझं डोकं चाललं. माझं डोकं चाललं की पुढं काय होतं, हे माझ्या बायकोला विचारावं. "मी होतो अस्वल!" असं म्हणून मी कोपऱ्यात गाल फुगवून उभा राहिलो, हातात कपबशी घेतली आणि पाय घसरल्याचं सोंग केलं. भाऊंची डावी भुवई वर गेली. कागद त्यांनी खाली टाकला.

"पाटलीनबाई, घोट घेतला न् झोप उडाली! पकडा तिले, अख्खा हिवाळा बाकी हाय माहा!"

"उडनाऱ्याले मी काय पकडू? मी कोंबडी हावो!"

तंबूतसुद्धा अस्वल कधी असं बोललं नव्हतं. रहाट सुटला. काचेपलीकडचा माणूस हात हलवत आला. "साहेब, तुमचं हसू फितीवर येतंय." पुन्हा घेतलं, पुन्हा हसलो. मग मी तोंडात रुमाल कोंबला. भाऊंनी माझा गप्प चेहरा पाहिला आणि अस्वल वाक्याच्या मध्येच बसलं. मला बाहेर बसवून पाहिलं, तर आतून शब्दच येईना. हसलो की फीत बिघडे, न हसलो की भाऊ. त्या गृहस्थांचा एक चित्रकार तेवढा दुसऱ्या कोपऱ्यात मांडीवरच्या कागदावर काहीबाही काढत बसला होता. संध्याकाळी खोलीची वेळ संपली आणि आम्हाला चहा पाजून निरोप दिला. चहा चांगला होता.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. अकोला आलं तेव्हा वळकटी उचलताना म्हणाले, "लय हासले तुमी, मास्तर." ती तक्रार होती की शाबासकी, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढं कधीतरी ती जाहिरात अकोल्याच्या टॉकीजमध्ये आली. मी भाऊंना घेऊन गेलो. पडद्याच्या पुढं ते पहिल्यांदाच बसले असावेत. अस्वल आलं. त्याची डावी भुवई वर गेली. हनुवटी गळ्यात रुतली, गाल फुगले, खालचा ओठ लोंबला. त्या चित्रकारानं भाऊ जसेच्या तसे उतरवले होते! आवाज मात्र मुंबईतल्या कुणाचा तरी, गुळगुळीत दाढी केल्यासारखा. लोक बेतानं हसले. माझ्या तोंडून कुरकुरही निघाली नाही.

भाऊ माझ्या कानाशी लागले. "जल्मभर दुसऱ्याच्या थोबाडात माहा आवाज घातला. आता माह्या थोबाडात दुसऱ्याचा. फिटंफाट." जरा वेळानं म्हणाले, "थ्या आपल्या फिती त्यायनं ठेवल्या असतीन का हो?"

बिघडलेल्या फिती पुसून तिथं पुन्हा वापरतात, हे त्या काचेपलीकडच्या माणसानं मला निघतानाच सांगितलं होतं. "ठेवल्या असतील," मी म्हणालो.

"मंग झालं. त्याच्यात मी बोलून राह्यलो न् तुमी हासून राह्यले. अजून काय पाह्यजे?"

तंबू पुढं बंद पडला. भाऊ हिवरखेडला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. मला कळलं तोवर दिवस होऊन गेले होते. अकोल्याच्या त्या मैदानात आता घरं उभी आहेत. खुंट्यांची भोकंसुद्धा उरलेली नाहीत. मी अजून हसतो. नातवंडं त्या रहाटालाच हसतात. पण तो थांबला की मी क्षणभर कान देऊन बसतो. पुढचं वाक्य यायची वेळ झालेली असते.