भाकऱ्या सोडून पिक्चरला

आमच्या वाडीत माझ्याबद्दल बोलायचं झालं तर आता एकच गोष्ट बोलतात. पुतण्याच्या हळदीच्या दिवशी ही बाई भाकऱ्या सोडून पिक्चरला गेली, आणि पिक्चर तरी कसला, तर पोरांचा, चित्रांचा. बोलतात ते खरं आहे. मी गेले. पण जो तो आपल्या पदरचं थोडं घालून सांगतो, म्हणून खरं कसं झालं ते लिहून ठेवते. कुणाला वाचून दाखवायचं नाही.

मी साजगावला कंपनीत जाते. बाटल्यांची बुचं पिशव्यांत भरायचं काम आहे. इकडच्या पुष्कळ कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते. आमची शुक्रवारी असते. त्यामुळे सगळं जग घरी असतं तेव्हा मी बुचं भरते आणि माझ्या सुट्टीला घरात कुणी नसतं. मला ते बरं वाटतं. मी बोलायला कमी. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही गुरुजींनी उठवलं की उत्तर येत असून तोंड उघडायचं नाही.

एका महिला दिनाला कंपनीत बाहेरच्या एका बाईंचं भाषण ठेवलं होतं. बाई आल्याच नाहीत. आम्ही सगळ्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेल्या, चहा पिऊन झालेला. मग तिथल्या तरुण साहेबाने आपला लॅपटॉप लावला आणि म्हणाला, माझ्या मुलीचा आवडता पिक्चर आहे, बघा. बाहेरच्या देशातला, हिंदीत बोललेला. चित्रं हलायला लागली तशा बायका हसल्या. "आमाला काय बालवाडीत घातलं का रं?" असं मागून कोणीतरी म्हणालं.

मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या.

त्यात एक पोर होती, ढग चारणारी. आपल्याकडे शेळ्या चारतात तसे ढग. सकाळी काठी घेऊन डोंगरावर न्यायची आणि संध्याकाळी वेशीच्या आत आणून कोंडायची. तिच्यासोबत एक अस्वल, अंगावर केसांऐवजी पिसं. ते काही बोलायचं नाही. शेवटी गावावर काळे ढग चालून येतात. ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, फक्त तिच्या मागे जातात. म्हणून ती त्यांना घेऊन वेशीबाहेर जाते आणि बाहेरून दार ओढून घेते. अस्वल आतच राहतं. दाराला डोकं टेकून उभं. आणि पडदा काळा.

माझ्या शेजारी साजगावचीच एक बाई होती, पॅकिंगलाच असते, आवाज असा की मशीन बंद पडलं तरी कळू नये. तिला वाटलं कामाची वेळ झाली म्हणून साहेबाने मध्येच बंद केला. ती उठून भांडायलाच लागली.

"अवो साहेब, पोर बाहेर राहिली ना. पूर्ण दाखवा की."

"संपला ताई. पुढचा भाग यायचाय."

"कदी?"

"दोन-तीन वर्षं लागतात असा पिक्चर बनवायला."

"दोन-तीन वर्षं? आन तोवर त्या पोरीनं जेवायचं काय?"

सगळा हॉल हसला. मी हसले नाही. मलाही तोच प्रश्न पडला होता.

तेव्हापासून आम्ही तिघी एकत्र आलो. ही साजगाववाली, मी आणि नेरळहून येणारी एक पोरगी, अजून लग्न न झालेली, हातात सदा मोबाइल. नेरळवालीने शोधून काढलं की आमच्यासारखे पुष्कळ आहेत. कॉलेजची एक मुलगी मोबाइलवर त्याच पिक्चरवर बोलते, एकेक चित्र थांबवून. पुढच्या भागाची झलक आली तेव्हा तिने एवढ्याशा झलकेवर केवढं तरी सांगितलं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून, मोबाइल भाजीच्या डब्याला टेकवून ते बघायचो. लोकांनी काय काय अंदाज बांधलेले. कुणी म्हणे पोर मेली, कुणी म्हणे ती आता ढगांची राणी आहे.

साजगाववालीचं म्हणणं, ते अस्वल म्हणजे तिचा मेलेला बाप. "नायतर ते तिच्यामागं कशाला फिरंल? फुकट कोण कुणाच्या मागं फिरतं?"

नेरळवाली म्हणायची, "नाय ओ मावशी, ते तिला परत आत घेतील. दार उघडतील. शेवट गोडच असतो."

"मुके, तू बोल की." साजगाववाली मला मुकी म्हणते.

पहिल्यांदा मी काही बोलले नाही. पुढे एक दिवस बोलले. म्हटलं, तिला आत यायचंच नसंल. डोंगर हाय, ढग हायेत, कोण हाका मारीत नाय. अस्वलानंच बाहेर जायला पायजे.

दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. साजगाववाली म्हणाली, "बोलली तर बघा कशी." पण नंतर तिने माझं म्हणणं शेजारच्या लाइनवरच्या बायकांना जाऊन सांगितलं, आणि दोन दिवस तिकडेही त्यावरून वाद चालला होता.

मग तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पिक्चर येणार असं ठरलं. वार शुक्रवार. आमचीच सुट्टी. नेरळवालीने पनवेलच्या मॉलमधल्या दुपारच्या शोची तीन तिकिटं मोबाइलवर काढली. मी आजवर थेटरात गेले ती कुणाच्या तरी सोबत म्हणून, पोरं सांभाळायला. माझ्या मनाने मी कधी गेले नव्हते. त्या तिकिटाचा फोटो मी मोबाइलमध्ये रोज उघडून बघायची.

आणि त्याच आठवड्यात थोरली जाऊ दारात आली. तिच्या मुलाचं लग्न शनिवारचं धरलेलं, म्हणजे हळद शुक्रवारी.

"तुजी सुट्टीच हाय," ती म्हणाली. "पीठ मी गिरणीतून आणून ठेवते. तू दुपारी बारालाच चुलीवर ये. पावनं लई हायेत या वेळेला."

विचारलं नाही. सांगितलं. त्यात तिची चूक म्हणावी तर तिने आजवर कधी विचारलंच नव्हतं, आणि मीही कधी थांबवलं नव्हतं.

आमच्याकडे हळदीला तांदळाच्या भाकऱ्या लागतात, ढिगाने. भावकीतल्या बायका मांडवामागे चुली मांडून दुपारपासून थापायला बसतात. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी कोणीतरी म्हणालं, हिचा हात पातळ हाय, आन बोलत पन नाय, हिला पयल्या चुलीवर बसवा. तेव्हापासून मी पहिल्या चुलीवर. इतर बायका अधूनमधून उठतात, हात धुतात, साडी बदलून पुढे जातात. पुढे मांडवात गाणी होतात, नवऱ्याला हळद लागते, बायका एकमेकींच्या गालाला हळद फासतात. मला आवाज येतो तेवढाच. वाडीतल्या इतक्या लग्नांचे व्हिडिओ आहेत, मी एकातही नाही. कोणी मुद्दाम केलं नाही. मी न बोलणारी, मला पुढे काय काम, असं सगळ्यांना वाटत आलं. मलाही वाटत आलं.

त्या दिवशी जावेला म्हटलं, "जाऊबाई, मला शुक्रवारी जायचंय."

"कुटं?"

"पिक्चरला."

तिला वाटलं मी थट्टा केली. मी कधी थट्टा करत नाही म्हणून ती जास्तच हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

"कसला पिक्चर?"

मी सांगितलं. ढग, अस्वल, सगळं नाही, पण सांगितलं. बोलताना कान तापले होते.

"अगं, घरात लगीन हाय."

"लगीन शनिवारी हाय. शनिवारी मी दिवसभर हाय. शुक्रवारी हळदीला संध्याकाळी येतेच."

"संध्याकाळी येशील," ती म्हणाली, "दुसऱ्यांनी थापलेल्या खायला." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत हे सांगितलं तर नेरळवालीला त्यात काही अवघड वाटेना. "ताई, सांगून टाका ना, कंपनीत अर्जंट ऑर्डर आली, सुट्टी रद्द केली. कोण बघायला येतंय?"

साजगाववालीही म्हणाली, "सांग की. मी नाय का, माज्या सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला ओव्हरटाइम सांगितला."

घरी आले तर मालकांनीही तेच काढलं. ते टेंपो चालवतात, भांडणापासून लांब राहणारा माणूस. "कंपनीनं बोलावलंय म्हनून सांग. मी बी वैनीला तेच सांगतो. मिटलं."

खरंच मिटलं असतं. कंपनीसाठी गेले म्हटल्यावर कुणी चकार शब्द काढला नसता. उलट म्हणाले असते, बिचारी, सुट्टीला पण राबते. मी रात्रपाळी केली आहे, दिवाळीच्या पाडव्याला कामावर गेले आहे, भावाच्या घरभरणीला गेले नाही कारण हजेरी तुटत होती. तेव्हा कुणी तोंड वाकडं केलं नाही. बुचं भरायला मी कुठलंही कार्य सोडलेलं चालतं. मला आवडतं म्हणून सोडलेलं चालत नाही. भाजी निवडता निवडता हे माझ्या डोक्यात आलं आणि मला असा राग आला की अर्धी जुडी तशीच ठेवून मी उठले.

"खोटं नाय सांगायचं," मी मालकांना म्हटलं.

"मग मी लोकांना काय सांगू?"

"पिक्चरला गेली म्हनून सांगा."

"लोक हसतील गं."

"हसू द्या."

त्यांनी टेंपोची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "निदान मोठ्या मानसांचा तरी बघायचास." मी राहिलेली जुडी निवडायला घेतली.

शुक्रवारी सकाळी नवी साडी नेसले, लग्नासाठी घेतलेली. आमच्या घरामागून बांधावरून एक वाट हमरस्त्याला जाते. तिकडून गेले असते तर कोणाला दिसले नसते. पाय तिकडे वळलेही होते. मग मागे फिरले आणि मांडवासमोरून गेले. तिथे बायका कांदे चिरत बसल्या होत्या. भावकीतल्या एका म्हाताऱ्या सासूने मान वर केली.

"काय गं, कंपनीला चाललीस?"

पुन्हा तेच. आयतं खोटं माझ्या हातात ठेवलेलं, फक्त मान हलवायची. म्हातारीने चांगल्या मनानेच ठेवलं होतं.

"नाय काकी," मी म्हटलं, "पिक्चरला."

माझ्या आवाजाने माझी मीच दचकले. सुऱ्या थांबल्या. कोणीतरी फिस्स करून हसलं. मागून ऐकू आलं, "नवी साडी नेसून कार्टून." मी मागे बघितलं नाही. हमरस्त्याला आले आणि खोपोलीच्या रिक्षात बसले.

थेटरात आमच्या वयाच्या आम्ही दोघीच होतो. बाकी कॉलेजची मुलं आणि आईबापांबरोबर आलेली लहान पोरं. कुणी डोक्याला पिसं लावून आलेलं, कुणी काठी घेऊन. दरवाज्यावरच्या माणसाने काठ्या बाहेर ठेवायला लावल्या. पुढच्या रांगेतल्या दोन पोरी तावातावाने भांडत होत्या की अस्वल बोलणार की नाही. साजगाववाली पुढे वाकून त्यांना म्हणाली, "ते तिचा बाप हाय, बगा तुमी." पोरी हसल्या नाहीत. एक म्हणाली, "काकू, पण मग पहिल्या भागात त्याने तिला ओळखलं का नाही?" आणि काकू विचारात पडल्या. तिथे कोणी आमच्याकडे काय वेड्या बायका म्हणून बघितलं नाही. अंधार झाला तेव्हा सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

पिक्चर कसा होता तर सुंदर होता, आणि मला त्याचा शेवट पटला नाही. नेरळवालीचंच खरं झालं. वेस उघडली, गावाने पोरीला वाजतगाजत आत घेतलं, हार घातले, पोर हसली. अस्वल एकदाही बाहेर गेलं नाही. परतीच्या एसटीत मी तेच बोलत होते. म्हटलं, गाव तीन वर्षं आत खात-पीत बसलं आणि आता हार घालतंय. तिनं हार घेतलाच कसा? तिनं विचारायला नको, की दार उघडायला एवढा वेळ का लावला? पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, त्याला वाटलं आमच्या घरात काहीतरी झालंय.

"मुके, हळू," साजगाववाली म्हणाली. "आख्खी गाडी ऐकतेय."

"ऐकू दे."

दिवे लागायच्या वेळेला मी मांडवात पोचले. तीच साडी, तशीच. मागे चुलीकडे गेले नाही. पुढे जाऊन बायकांत बसले. एक-दोघी सरकून बसल्या, जागा द्यायला की लांब व्हायला ते कळलं नाही. पुतण्या पाटावर बसला होता, तोंड पिवळं. माझी पाळी आली तेव्हा मी उठून त्याला हळद लावली. तो म्हणाला, "काकी, कसा होता पिक्चर?" मी म्हटलं, "शेवट बिघडवला." तो हसला आणि व्हिडिओवाल्याने तेवढ्यात कॅमेरा आमच्यावर आणला.

मग पंगत बसली. जाऊ स्वतः वाढत होती. माझ्या पानात भाकरी टाकली ती टाकलीच, ठेवली नाही. भाकरी जाड होती, मध्ये कच्ची. मी खाल्ली. तिने बघितलं की मी काही बोलत नाही, तेव्हा तिलाच राहवलं नाही.

"जाड झाल्यात," ती म्हणाली. "थापायला यायचं होतंस."

"पुढच्या येळेला इचारा मला. सवड असली तर येईन."

"घरच्या मानसाला इचारायचं काय त्यात?"

"इचारायचं," मी म्हटलं.

ती पुढच्या पानाकडे गेली. त्यानंतर भावकीत दोन हळदी झाल्या. मला कुणी विचारलं नाही आणि मी चुलीवर गेले नाही. दोन्ही वेळा मांडवात पुढे बसले, आणि हात धुऊन पुढे आलेल्या बायकांनी माझ्या गालाला हळद लावली, जराशी जोराने.