काळं आम्ल
काडी ओढल्यावर येणारा गंधकाचा वास मला मच्छे गावातल्या कारखान्यात नेतो. तेलशुद्धीकरणात वापरून निकामी झालेलं काळं गंधकाम्ल आम्ही तिथं भट्टीत घालून पुन्हा कामाचं करायचो. एका दुपारी आमच्या वयस्कर ऑपरेटर अण्णांनी घाम पुसायला सेफ्टी चष्मा काढला आणि नेमका पाइपाचा जोड सुटून आम्ल त्यांच्या तोंडावर उडालं. मी त्यांना ओढतच शॉवरखाली नेलं. "डोळं उघडा, अण्णा!" मी ओरडले. "उघडंच हाईत गं, पर दिसंना झालंय." पंधरा मिनिटं मी बोटांनी त्यांच्या पापण्या पाण्याखाली ताणून धरल्या. मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या ॲप्रनचं बटन तुटलंय बघ." ते वाक्य आजही आठवतं, पण त्याआधी ती पंधरा मिनिटं पुन्हा काढावी लागतात.