सिस्टरांचे खाऱ्या पाण्यातले पेशंट

साळवे सिस्टर माशांबद्दल बोलायला लागल्या की नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या घरात कुणीतरी आजारी आहे. "धाकट्यानं सकाळपासून काय खाल्लं नाय," "नवीन पेशंट अजून वेगळा ठेवलाय," "तिचा श्वास जरा वाढलाय, संध्याकाळपर्यंत बघते." सगळं आयुष्य सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेलेलं. निवृत्तीनंतर पांढरी साडी सुटली, ही भाषा सुटली नाही. आवाजही तोच राहिला, खालच्या पट्टीतला, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाणारा.

आमची इमारत शहराच्या टोकाला, हर्सूलच्या बाजूची. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आणि समुद्र तर इथून रात्रभराच्या प्रवासावर. अशा ठिकाणी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, सिस्टरांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. इमारतीतले सगळे बघून आले. टाकीत पाणी होतं, तळाशी वाळू होती, ओबडधोबड दगड होते, पंप चालू होता. मासा एकही नव्हता. पुढच्या आठवड्यातही नव्हता. महिना होत आला तरी तेच.

"सिस्टर, मासे कुठंयत?" मी विचारलं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि शाळेत शिकवते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय आहे.

"येतील की. दगडावर जंतू वाढू द्या आधी. चांगले जंतू. माशाची घाण तेच खातात. ते नसले तर मासा स्वतःच्याच घाणीनं मरतो."

सगळी नोकरी जंतू मारण्यात गेलेली बाई आता जंतू वाढण्याची वाट बघत खुर्ची टाकून बसली होती. त्यांना त्यात काही गंमत वाटत नव्हती.

समुद्राचं हे खूळ कुठून आलं, असं एकदा विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. लहानपणी वडील दर डिसेंबरात चैत्यभूमीला न्यायचे. दादरला उतरायचं, रांगेत उभं राहायचं. रांग सरकता सरकत नसे, आणि गर्दीच्या पलीकडे समुद्राचा आवाज यायचा. वडिलांनी खांद्यावर घेतलं की दिसायचा. "दर्शन झालं की पाय भिजवायचे आन् परत गाडी. नीट बघितलं नाय कधी त्याला," त्या म्हणाल्या. एवढंच. मग मेथीच्या काड्या उचलून आत गेल्या.

पाण्यावरून इमारतीत कुरबूर झाली नसती तरच नवल. उन्हाळा सुरू झाला, टँकर यायला लागले आणि सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी विषय काढला, की लोकांना प्यायला पाणी नाही आणि काही जणांकडे माशांची चैन चाललीय. सिस्टर उठल्या. टाकीसाठीचं पाणी त्या गाळणीच्या यंत्रातून काढायच्या आणि त्यात खास मीठ मोजून मिसळायच्या. यंत्रातून जे पाणी वाया जातं ते पिंपात साठवायच्या. "त्या पिंपातल्या पाण्यानं आपला जिना दर रविवारी कोण धुतंय, ठाऊक आहे का कुणाला?" त्यांनी विचारलं. ठाऊक नव्हतं कुणालाच. सगळ्यांना वाटत होतं सफाईवाला धुतो. विषय तिथंच मिटला. सिस्टर मात्र पुढच्या रविवारी जिना धुवायला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर कमी व्हायचं. मी म्हटलं, खारं पाणी घालून भरून काढा. त्यांनी मान हलवली. "पाणी उडतं, मीठ उडत नाय. वरून साधंच पाणी घालायचं. नायतर आतल्या आत खारटपणा वाढत जातो आन् पेशंट सुकतो. सलाइनचं पण तसंच असतंय."

मासे आणायला त्या शहागंजजवळच्या इरफानभाईंच्या दुकानात जात. इरफानभाई मुंबईहून थर्माकोलच्या पेट्यांतून समुद्री मासे मागवायचे. गोड्या पाण्यातले पुष्कळ विकायचे, खाऱ्यातले थोडे, कारण गिऱ्हाईक थोडं. सिस्टर पहिल्यांदा गेल्या आणि म्हणाल्या, हा मासा माझ्यासमोर जेवून दाखवू द्या, मग घेईन. इरफानभाईंनी खाणं टाकलं. मासा कोपऱ्यात बसून राहिला. सिस्टर रिकाम्या हाताने परत आल्या. असं तीनदा झाल्यावर इरफानभाई म्हणाले, "सिस्टर, तुम मछली लेने आते कि रिश्ता देखने आते?"

"दोन्हीकडं जेवणच बघायचं असतंय, इरफानभाई."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. नवीन पेटी आली की इरफानभाई स्वतः फोन करायचे, "आज जो मछली आई ना, खाना बराबर खा री."

आधी गोगलगायी आल्या, शंखात राहणारे खेकडे आले. ते सफाईचे कर्मचारी. मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी. ती आधी छोट्या टाकीत वेगळी ठेवली, अंगावर डाग दिसत नाही याची खात्री झाल्यावर मोठ्या टाकीत सोडली. मग पुष्कळ दिवस काही नाही. मग वाळूत बीळ करून राहणारा एक लाजरा मासा, एक पिवळा, एक लाल पट्ट्यांची कोळंबी. प्रत्येकाच्या मधे लांबलचक थांबणं. मला एक निळा, पिवळ्या शेपटीचा मासा फार आवडला होता. तो का घेत नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तो वाढतो लई. त्याला पळायला जागा लागते. आपल्याला आवडला म्हणून त्यानं कोंडून घ्यायचं व्हय?"

खाणं घालायचं काम सिस्टरांच्या यजमानांचं, साळवे काकांचं होतं. काका एसटीत कंडक्टर होते. उंच, सडपातळ, शर्टाच्या वरच्या खिशात अजून पेन. कन्नड गावाला जाणाऱ्या रस्त्यावरचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवायचे. सिस्टरांनी त्यांना शिकवलं होतं. गोठवलेली कोळंबी आधी टाकीच्याच पाण्यात विरघळू द्यायची, ते पाणी गाळून टाकायचं, किंवा डब्यातले दाणे चिमूटभर, आणि डोळ्यांदेखत संपेल एवढंच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नारिंगी जोडीतली मोठी ती मादी असते, हे सिस्टरांनी सांगितलं तेव्हा काका मला म्हणाले, "म्हणजे कारभार तिच्याकडं. आमच्यासारखंच."

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता टाकीतलं पाणी दुधाळ व्हायला लागलं. सिस्टरांनी पाणी बदललं, पंप खोलून साफ केला. दोन दिवसांत पुन्हा तसंच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पिवळा मेला. मग कोळंबी मेली. लाजरा मासा बिळाबाहेर आला नाही, म्हणून दगड उचलून पाहिला तर तोही गेलेला. नारिंगी जोडी तेवढी तग धरून होती.

डब्यातलं खाणं लवकर संपतंय, हे सिस्टरांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी काकांना विचारलं. काका चिडले. "मी एकदाच घातलंय. मला काय कळत नाय का?" काका चिडणारे गृहस्थ नव्हते. दुसऱ्या दिवशी सिस्टर परात घेऊन हॉलमध्ये गहू निवडत बसल्या.

नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. काका आले, डबा उघडला, चिमूटभर दाणे टाकले, मासे खातात का बघितलं, झाकण लावलं, हात पुसले, गॅलरीत गेले. थोड्या वेळाने आत आले. डबा उघडला, चिमूटभर दाणे टाकले, झाकण लावलं, हात पुसले. परत गॅलरीत. परत आत. दुपारपर्यंत असं चाललं होतं.

"चुकत नव्हते ओ ते," सिस्टर म्हणाल्या. "दर वेळी बरोबर घालत होते. मी शिकवलं तसंच, चिमूटभर. फक्त आधीचं त्यांच्यापाशी ऱ्हातच नव्हतं."

मी विचारलं, तुम्ही थांबवलं नाहीत का? तर म्हणाल्या, "किती वेळा घालतात ते बघायचं होतं. डॉक्टरला सांगावं लागतं."

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. सिस्टरांना ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी मोठा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. टेबलावर औषधाच्या गोळ्यांची असते तशी छोटी डबी ठेवली, तिच्यात एका वेळचं खाणं. ते संपलं की डबी रिकामी. पहिले काही महिने काका रिकामी डबी बघून म्हणायचे, "झालंय वाटतं," आणि बसायचे. पुढे रिकामी डबीही त्यांना रिकामी वाटेनाशी झाली. ते चिमूट करून काहीच नसलेलं काहीतरी पाण्यावर सोडायचे. माणूस दिसला की मासे काचेशी येतातच. काका बघत राहायचे, समाधानाने झाकण लावायचे.

"मी खोटं बोलत नाय," सिस्टर एकदा आपणहून म्हणाल्या. "डबी देते. त्यात आहे असं म्हणत नाय." त्यांना याचा त्रास होत होता, हे मला त्या वाक्यावरून कळलं. एरवी कळलं नसतं.

मग एका सकाळी काका घरातून गेले. सिस्टर आंघोळीला गेलेल्या, दार नुसतं लोटलेलं. आम्ही तिघी-चौघी हर्सूलच्या तलावापर्यंत बघून आलो. शेवटी सिस्टरांचा फोन गेल्यावर इरफानभाईंनीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. हर्सूलच्या थांब्यावर काका उभ्या असलेल्या बसमध्ये चढले होते आणि लोकांना पुढं सरकायला सांगत होते. लोकही सरकत होते, त्यांना वेगळं काही वाटलं नाही. "मैं बोला, काका, ड्युटी खतम हुई, चलो," इरफानभाई म्हणाले. "एकदम चुपचाप उतर गये." सिस्टरांनी इरफानभाईंना पाणी दिलं, काकांचे पाय धुतले, आणि संध्याकाळी नाशिकच्या मुलीला फोन लावून दोघंही राहायला येतो म्हणून सांगितलं. ती वर्षभर बोलावत होती.

टाकी त्यांनी मला दिली. मी मागितली नव्हती, पण नाही म्हणायचाही प्रश्न नव्हता, कारण त्यांनी विचारलंच नाही. दगड आधी आले, ओल्या कापडात गुंडाळून. मग पिंपांतून पाणी, शेवटी बादलीतून नारिंगी जोडी. सगळं लागल्यावर सिस्टर टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि पाळी बदलताना एक नर्स दुसरीला सांगते तसं त्यांनी मला सांगितलं. मोठी आधी खाते, तिचं होईपर्यंत धाकट्याला मिळत नाही, तर खाणं दोन टोकांना सोडायचं. शनिवारी उपास. डावीकडच्या दगडामागे घाण साचते. "काय शंका?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्या काकांचा हात धरून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे गेल्या.

पुढच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला दोघं शहरात आली, तेव्हा माझ्याकडे चहाला थांबली. सिस्टर वाळल्या होत्या. काका मात्र छान दिसत होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. ते सरळ टाकीपाशी गेले आणि हात मागे बांधून बघत राहिले. "फार सुंदर ठेवलेत तुम्ही," मला म्हणाले. "यांना खायला काय घालता?"

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या बशीत चहा ओतत होत्या. मग मी काकांना सांगितलं, अगदी पहिल्यापासून, पाणी कसं करायचं, थांबायचं किती, चिमूटभर म्हणजे केवढं. काका मन लावून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, जास्त घातलं तर काय होतं? मी म्हटलं, पाणी खराब होतं. त्यांनी मान डोलावली.

निघताना दारात ते सिस्टरांना म्हणाले, "अगं, आपण पण एक ठेवू या का?"

"ठेवू की," सिस्टर म्हणाल्या, आणि काकांच्या पायात चपला घालायला खाली वाकल्या.