शेवटच्या मिनिटाचे नियम

बास्केटबॉलचं शेवटचं एक मिनिट पंधरा मिनिटं चालतं, आणि मला त्याचा चार वर्षं राग आला. मेलं ते घड्याळ! शिट्टी वाजली की थांबतं, कोचने टाइम-आउट मागितला की थांबतं. मी नागपूरला खो-खो खेळलेली बाई. आमच्याकडे डाव सुरू झाला की झाला, गुडघा फुटला तरी उठायचं आणि पळायचं. इथे जरा खेळ रंगात आला की सगळे टॉवेलने तोंड पुसत गोल करून उभे.

माझी मुलगी कॅनडातल्या किचनर गावच्या आमच्या घरापासून तासाभरावर एका कॉलेजच्या टीममध्ये होती. शनिवारी दुपारी मॅच असली की मी आणि नवरा थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा घेऊन, आधी दारातला बर्फ फावड्याने उपसून, निघायचो. तिचं ते शेवटचं वर्ष होतं आणि माझी इच्छा एकच होती. कॉलेज संपायच्या आत एकदा तरी तिला धड खेळताना बघायचं. कारण चार वर्षांत मी तिला पाहिलं ते बेंचच्या टोकाला, मांडीवर टॉवेल घेऊन बसलेली.

मॅच हातातून निसटायला लागली की मात्र तिला बोलावणं यायचं. त्याचं गणित असं. आपण दोन-चार पॉइंटनी मागे असलो आणि बॉल समोरच्यांकडे असला, तर ते वेळ काढत बसतात. मग आपण मुद्दाम फाउल करायचा. घड्याळ थांबतं, त्यांना फ्री थ्रो मिळतात, आणि ते चुकले तर बॉल आपल्या हाती यायची आशा. पण पाच फाउल झाले की खेळाडू बाद. चांगल्या मुलींचे तोवर चार झालेले असायचे, त्यांना कशाला घालवायचं? मग जिची पाटी कोरी तिला पाठवा. कोरी पाटी माझ्याच पोरीची.

ती जॅकेट काढून धावत आत जायची, बॉलवाल्या मुलीच्या मनगटावर चापट मारायची, शिट्टी वाजायची, ही हात वर करायची. पुन्हा तेच. मग परत बेंचवर.

"एवढ्यासाठी ही पोरगी मायनस वीसमध्ये पहाटे पाचला प्रॅक्टिसला जाते?" मी नवऱ्याला विचारायची.

"तिला काही वाटत नाही, तुला का वाटतं?"

"तुला कशाचंच काही वाटत नाही!"

तिलाही एकदा विचारलं. "इट्स फाइन, आई," म्हणाली. तिचं सगळंच फाइन असतं, सर्दीसुद्धा.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. दोष सापडला की फॉर्म भरायचा. आत्ता काय घडतं, काय घडायला हवं, किती गंभीर आहे. एका दुपारी लंचमध्ये मी तोच फॉर्म उघडला आणि बास्केटबॉलसाठी भरायला बसले. शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ थांबणार नाही, मग छत कोसळो. टाइम-आउट अख्ख्या मॅचमध्ये एक, तोही पाणी पिण्यापुरता. आणि सगळ्यात गंभीर म्हणून लिहिलं ते असं की मुद्दाम फाउल केला तर समोरच्यांना फ्री थ्रो द्या आणि वर बॉलही त्यांच्याकडेच ठेवा. म्हणजे हा उद्योग करण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही, कोचला झक मारून खेळणाऱ्या मुली उतरवाव्या लागतील, आणि त्यात माझीही असेल. असं माझं लॉजिक! दोन पानं झाली. फार दिवसांनी मन लावून काही लिहिलं होतं.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," नवरा म्हणाला. मी प्रिंट काढली.

पुढच्या मॅचनंतर पालकांचा पॉटलक होता, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. मुली अजून आवरत होत्या. कोचने माझे बटाटेवडे तीन खाल्ले, चौथा हातात असताना मी त्याला गाठलं. पानं दिली, आणि तेवढ्यावर थांबायचं ना! पण जीभ सैल सुटली. म्हटलं, माझी मुलगी काय भाड्याने आणलेली गुंड आहे का, जा आणि हाण म्हणून पाठवायला? तिचा अपमान होतो. आम्हाला बघवत नाही. त्याने वडा खाली ठेवला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "आय हिअर यू."

आता, आपल्याकडे आईने मास्तरांना चार शब्द सुनावले की मास्तर "हो बाई, हो बाई" म्हणतात आणि आपलंच खरं करतात. त्यामुळे तक्रार चढ्या आवाजातच करायची असते, पोचेपर्यंत निम्मी होते हे धरून. बारा वर्षं या देशात राहून, इथल्या लोकांना सोळा आणे सांगितलं तर ते सोळा आणे ऐकतात, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी तिची घरच्या जिममधली शेवटची मॅच होती. जिंकले तर प्लेऑफ, हरले तर सीझन खलास. मॅचआधी शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या आयांना एकेक गुलाब दिला. मुलीने तो माझ्या हातात ठेवला, फोटोत हसली, आणि बेंचवर जाऊन बसली.

एक मिनिट दहा सेकंद उरले तेव्हा आम्ही तीन पॉइंटनी मागे होतो. बॉल त्यांच्याकडे. कोच बेंचकडे वळला. माझी पोरगी त्याआधीच उठून उभी होती, जॅकेट काढून खुर्चीवर टाकलेलं, बुटाची लेस घट्ट करून झालेली. मी तिचा चेहरा प्रथमच नीट बघितला. एरवी त्या वेळी मी घड्याळाला शिव्या घालत असायची. अपमान झालेल्या माणसाचा चेहरा तो नव्हताच. सणाच्या दिवशी वाढायला उठलेली बाई पदर खोचते ना, तशी ती तयार होती.

कोचने मान वर करून गर्दीत मला शोधलं. खरंच शोधलं. आणि मग तिच्या शेजारच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला खूण केली.

पोरगी उभीच राहिली क्षणभर. मग खाली बसली.

"हे काय!" मी म्हटलं. "तिला का नाही पाठवत?"

नवरा चहाचा कप धरून कोर्टाकडेच बघत होता. "अगं, तोच तर तिचा खेळ होता," तो म्हणाला.

ऑफिसात मी सगळ्यांना बजावते, एक दुरुस्ती केली की तिने दुसरं काय मोडतं ते आधी बघा. कपाळ माझं!

पहिल्या वर्षाची मुलगी घाबरली होती. तिने चापट मारायच्या ऐवजी दोन्ही हातांनी ढकललं. रेफ्रीने तो साधा फाउल धरलाच नाही, मुद्दाम ढकलल्याचा मोठा फाउल दिला. फ्री थ्रो त्यांना, आणि बॉलही त्यांच्याकडेच. माझा तिसरा नियम, जसाच्या तसा.

त्यानंतर प्रत्येक शिट्टीला मी मनात म्हणत होते, थांबव रे बाबा ते घड्याळ, आणखी एकदा थांबव, घे टाइम-आउट, बोलाव तिला. ज्या थांबण्यासाठी चार वर्षं कडाकडा बोटं मोडली, त्याचीच भीक मागत बसले होते. कोचकडे एक टाइम-आउट उरला होता, तो त्याने घेतला. सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. तिने सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि बाजूला झाली. मग घड्याळ सुरू झालं आणि शून्यापर्यंत कुठेही अडलं नाही.

परतताना ती मागच्या सीटवर होती. मी गुलाब मांडीवर धरून बसले होते. म्हटलं, "चुकलं माझं."

"कोचने मला तुझी पानं दाखवली," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "काल. मी त्याला सांगितलं, मला जायचंय. तो म्हणाला, तुझ्या आईला बघवत नाही."

"मग तू मला फोन का नाही केलास?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "मला वाटलं, निदान शेवटची मॅच तरी तुला बघवावी."